व्यावसायिक डॉमिनेट्रिक्स, समाजातील कलंक आणि एक नेहमीचा खुलासा

पाऊलखुणा (प्रश्न)

माझ्या निकटच्या परिचयातील एक स्त्री काही वर्षांपासून व्यावसायिक डॉमिनेट्रिक्स म्हणून काम करते. ज्यांना हा व्यवसाय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: ग्राहक, बहुधा पुरुष, स्वेच्छेने आणि मोबदला देऊन ठरलेल्या वेळेपुरता तिच्या आज्ञेत राहतो, काय चालेल, काय चालणार नाही आणि कोणता शब्द उच्चारताच सारे थांबेल, हे आधी बोलून निश्चित केलेले असते. तिच्या बाबतीत शरीरसंबंध हा या कामाचा भाग मुळीच नाही. तिने ही गोष्ट मोजक्या लोकांना सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी सुरुवात एकाच वाक्याने केली आहे: "मी ग्राहकांशी शरीरसंबंध ठेवत नाही." त्यावर समोरच्याचा विश्वास बसतोच असे नाही, आणि बसला तरी "म्हणजे माणसांना मारण्याचे पैसे घेतेस?" हा पुढचा आक्षेप तयारच असतो. हा खुलासा तिच्या खरोखर उपयोगी पडतो का? आणि जिथे कायदा फारसा आड येत नाही, तिथेही या कामाची नाचक्की कमी का होत नाही? कृपया चेष्टेचे प्रतिसाद टाळावेत.

निरीक्षक

पाऊलखुणा, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ साली कलंकाची जी मांडणी केली, तीत ज्यांचा कलंक उघड दिसतो आणि ज्यांचा झाकता येतो पण केव्हाही उघडा पडू शकतो, अशा दोन परिस्थितींमध्ये फरक केला आहे. आपली परिचित दुसऱ्या परिस्थितीत आहे. तिथे खरा जाच उघड अपमानापेक्षा माहिती सांभाळण्याचा असतो: कोणाला काय सांगितले आहे हे लक्षात ठेवणे, नोकरीच्या अर्जातील रिकामी वर्षे भरून काढणे, घरमालकाला उत्पन्नाचा उगम सांगणे, अंगावरच्या वळाबद्दल डॉक्टरांनी सहज विचारले तरी उत्तर जुळवणे. गॉफमन आणखी एक गोष्ट सांगतात, ती अशी की हा डाग आप्तांनाही लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये थेरेसा बर्कली हीच सेवा देत असत आणि त्यांच्याकडे उमरावांची ये-जा होती. १८३६ साली त्या वारल्या. धर्मप्रसारक असलेले त्यांचे बंधू ऑस्ट्रेलियाहून आले, संपत्तीचा उगम कळताच त्यांनी वारसा नाकारला आणि ती संपत्ती अखेर सरकारजमा झाली, असे त्याच शतकातील एका ग्रंथसूचीकाराने नोंदवून ठेवले आहे. बड्या ग्राहकांच्या पत्रांनी भरलेल्या पेट्या मात्र त्यांच्या डॉक्टरांच्या हाती गेल्या आणि नष्ट झाल्या, असेही तीच नोंद सांगते. ग्राहकांची नावे गेली, बर्कलींचे राहिले. या व्यवसायातील बदनामीची वाटणी आजही याहून फारशी वेगळी नाही.

वैद्यकशास्त्राने आपली भूमिका बदलली आहे, हे खरे. २०१३ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेने वेदना देण्या-घेण्याची लैंगिक आवड (सॅडोमॅसोकिझम) असणे आणि त्यामुळे विकार जडणे यांत भेद केला, तर २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून परस्परसंमतीचा सॅडोमॅसोकिझम विकार म्हणून वगळण्यात आला. पण या बदलाचा दिलासा ज्याला ती आवड आहे त्याला, म्हणजे ग्राहकाला, मिळतो. जी स्त्री ती आवड मोबदला घेऊन पुरवते तिच्यावरचा ठपका आजाराचा नव्हताच, धंद्याचा होता, आणि तो जागच्या जागी आहे.

कलम_आणि_कायदा

खुलाशाबद्दल लिहितो. पोलीस आणि न्यायालये तो फारसा मानत नाहीत. कॅनडातील टेरी-जीन बेडफर्ड या व्यावसायिक डॉमिनेट्रिक्स. १९९४ मध्ये त्यांच्या जागेवर छापा पडला आणि तिथे शरीरसंबंध होत नाहीत हा बचाव असूनही कुंटणखाना चालवल्याबद्दल त्या दोषी ठरल्या. यानंतर त्या "आम्ही वेगळ्या" असे म्हणत बसल्या असत्या तर नवल नव्हते. त्याऐवजी त्यांनी देहविक्रयाशी संबंधित दोन स्त्रियांसह कायद्यालाच आव्हान दिले, आणि २० डिसेंबर २०१३ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तीन तरतुदी रद्द केल्या, कारण त्या या स्त्रियांची सुरक्षितता धोक्यात आणत होत्या. (पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने सेवा विकत घेणे हा गुन्हा ठरवणारा नवा कायदा आणला, म्हणजे वाद मिटला असे नाही.) माझे मत स्पष्ट आहे: "मी त्यांच्यातली नाही" हे वाक्य वस्तुस्थिती म्हणून खरे असले तरी बचाव म्हणून दुबळे आहे, कारण त्यातून "त्या" स्त्रिया तिरस्काराला पात्र आहेत हे आपणच आधी मान्य करतो, आणि मग ऐकणारा तोच तिरस्कार आपल्याकडे वळवतो.

ब्रिटनमध्ये अडचण दुसऱ्या बाजूची आहे. १९९३ च्या ब्राऊन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच तिथले सर्वोच्च न्यायपीठ होते), शारीरिक इजा होत असेल तर संमती हा बचाव ठरत नाही असा निर्णय दिला. त्या खटल्यातील सगळे पुरुष होते आणि व्यवहार पैशांचा नव्हता, तरी त्याची सावली या व्यवसायावर पडतेच. २००८ मध्ये मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेचे तेव्हाचे प्रमुख मॅक्स मोस्ली यांनी, डॉमिनेट्रिक्स स्त्रियांबरोबरच्या आपल्या खासगी भेटीची बातमी छापणाऱ्या एका वृत्तपत्राविरुद्ध खासगीपणाच्या भंगाचा दावा जिंकला आणि त्यांना ६०,००० पौंड भरपाई मिळाली. त्यातील स्त्रियांची ओळख न्यायालयात केवळ अक्षरांनी ठेवली होती. सहकार्य न केल्यास चेहरे छापू, अशा आशयाचा दबाव त्या वृत्तपत्राच्या वार्ताहराने त्यांच्यातील काही जणींवर आणला होता, आणि न्यायाधीशांनी त्यावर कडक शब्दांत टीका केली. ज्याला लपावे लागते त्याला धमकावता येते, इतका हा हिशेब उघड आहे.

रुक्मांगदा

सगळा विरोध कलंकाच्या खात्यात टाकू नये, अशी विनंती. १९८२ मध्ये न्यू यॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात लैंगिकतेवर भरलेल्या परिषदेच्या वेळी स्त्रीवाद्यांमध्येच याच विषयावरून कडाक्याचे भांडण झाले होते. या खोलीतील स्त्रीची सत्ता पुरुषाच्या कल्पनेने लिहिलेली आणि त्याच्या पैशाने चालणारी असते, हा आक्षेप मला आजही निकालात निघालेला वाटत नाही. एवढे मात्र निश्चित की हा आक्षेप व्यवसायाच्या रचनेवर आहे. त्याच्या आधारे एखाद्या स्त्रीला घर नाकारणे किंवा तिच्या मुलाचा ताबा काढून घेण्याची भाषा करणे, हे मला कोणत्याही स्त्रीवादात बसवता येत नाही.

निवृत्त_समुपदेशक

रुक्मांगदा यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी पाऊलखुणा यांना व्यवहारातले दोन शब्द सांगतो. खुलासा द्यायचा की नाही हे समोर कोण आहे त्यावर ठरवावे. वकिलाला नेमके काम काय ते सविस्तर सांगावे, कारण तिथे तपशिलानेच फरक पडतो. नातेवाइकांना तो देणे लागत नाही. मुलाच्या ताब्याचा प्रश्न उद्भवण्याची शक्यता असेल तर आधीच सल्ला घ्यावा, कारण "मुलाचे हित" या कसोटीत न्यायाधीशाच्या व्यक्तिगत मताला पुष्कळ वाव राहतो. पैसे एकाच ऑनलाइन मंचावर अवलंबून ठेवू नयेत: ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्सने उघड लैंगिक मजकुरावर बंदी जाहीर केली, बँकांकडे बोट दाखवले आणि काही दिवसांतच माघार घेतली, पण तेवढ्या दिवसांत अनेकींच्या उत्पन्नाचा आधार हलला होता. मानसोपचारतज्ज्ञ निवडताना पहिल्याच भेटीत व्यवसाय सांगून पाहावा. "लहानपणी काय झाले होते?" हाच प्रश्न लगेच आला, तर तिने दुसरा शोधावा.

पाऊलखुणा

सर्वांचे आभार. बेडफर्ड खटल्याची माहिती तिला आजच पाठवते. वकिलाकडे जाताना करारपत्रे, पावत्या आणि ग्राहकांशी झालेल्या पूर्वसंवादाच्या नोंदी न्याव्यात का, की त्या जवळ असणेच तिच्या विरोधात जाईल?

कलम_आणि_कायदा

आधी रिकाम्या हाताने जाऊन तोंडी सल्ला घ्यावा. गोपनीयतेची मर्यादा कुठवर आहे हे वकिलाकडून समजल्यानंतरच कागद दाखवावेत. तोपर्यंत काहीही नष्ट करू नये.