कोच बदलला, पण वजनकाटा कुणाच्या ताब्यात?

पहाटवारा (धागाकर्ता)

कोलोरॅडो विद्यापीठाने २०२४ मध्ये मार्क वेटमोर आणि हेदर बरोज या दोन्ही कोचचे करार वाढवले नाहीत, तेव्हा धावण्याच्या जगात सरळ दोन तट पडले. वेटमोर हे साधं नाव नव्हे. विद्यापीठाच्या गावी, बोल्डरमध्ये, जवळजवळ तीन दशकं त्यांनी संघ घडवला. पुरुष आणि महिला मिळून एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) आठ सांघिक क्रॉस कंट्री (माळरानावरची लांब पल्ल्याची शर्यत) विजेतेपदं त्यांच्या खात्यावर आहेत. त्याआधी माजी खेळाडूंच्या तक्रारींवरून चौकशी झाली होती. खेळाडूंच्या अंगातल्या चरबीचं प्रमाण ज्या पद्धतीने मोजलं जायचं, त्याचा बऱ्याच जणांवर वाईट परिणाम झाला, असं २०२३ च्या अहवालात नोंदवलेलं आहे.

ओरेगॉन विद्यापीठातही हेच झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘द ओरेगोनियन’ने सहा माजी महिला खेळाडूंच्या तक्रारी छापल्या. डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी हाडं आणि चरबी मोजणारी तपासणी) करून चरबीचे आकडे काढले जात, आणि त्या आकड्यांच्या धास्तीने खाण्याचे आजार जडले, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये मुख्य कोच रॉबर्ट जॉन्सन यांचा करार संपला, तो वाढवला गेला नाही. जेरी शूमाकर आले.

दोन्हीकडे बातमीचा शेवट ‘कोच गेला’ इथेच झाला. माझं म्हणणं असं की प्रश्न तिथे संपत नाही. ज्याच्या हातात संघातली जागा आणि स्कॉलरशिप आहे, त्याच्याच हातात खेळाडूच्या वजनाचा आणि चरबीचा कागद असेल, तर पुढचा कोच कितीही सज्जन असो, तो कागद आपलं काम करणारच. एकोणीस वर्षांच्या मुलीला समोरचा माणूस काय बोलला यापेक्षा त्याने कोणता आकडा पाहिला हे जास्त छळतं. म्हणून वजन, चरबी, मासिक पाळी, हाडांची घनता, सगळ्या नोंदी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांकडेच राहाव्यात. कोचला कळावं फक्त इतकंच: आज पूर्ण सराव, आज कमी सराव, आज सराव नाही.

पटतंय का? नसेल तर का नाही, ते सविस्तर लिहा.

---

गणिती

नाही पटत. लांब पल्ल्याची शर्यत म्हणजे स्वतःचं वजन स्वतःच वाहून नेणं. ऑक्सिजन वापरण्याची क्षमतासुद्धा दर किलोमागे मोजतात. महिलांची ६ किलोमीटर, पुरुषांची १० किलोमीटर, वर चढ आणि चिखल. तिथे शरीराची ठेवण महत्त्वाची नाही असं म्हणणं म्हणजे मुलांशी खोटं बोलणं. पोहण्यात खांद्यांबद्दल बोलता येतं, उंच उडीत उंचीबद्दल बोलता येतं, मग इथेच तोंडावर बोट का?

दुसरं म्हणजे, आकडे लपवल्याने कुजबुज वाढेल. मोजमाप नसेल तर कोच डोळ्यांनी मोजेल. ‘या वर्षी जरा जड दिसतेस’ हे वाक्य कुठल्याही यंत्रापेक्षा वाईट. यंत्राला निदान आवडनिवड नसते.

आणि एनसीएएमध्येच उलट उदाहरण आहे. १९९७ च्या अखेरीस वजन उतरवण्याच्या नादात तीन कॉलेज कुस्तीगीर गेले. त्यानंतर एनसीएएने मोजमाप बंद केलं नाही, सक्तीचं केलं. पुरुष कुस्तीगिराला ५ टक्के चरबीच्या खाली जाईल असा वजनगट घेता येत नाही, आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन घटवता येत नाही. मोजल्यामुळेच मुलं सुरक्षित झाली.

---

जान्हवी_फिजिओ

गणिती, कुस्तीचं उदाहरण चांगलं आणलंत, पण ते तुमच्या बाजूने जात नाही. कुस्तीत आकडा हा तळ आहे, त्याच्या खाली जायचं नाही. धावण्यात हाच आकडा लक्ष्य म्हणून दिला जातो, तिथपर्यंत उतरायचं. शिवाय कुस्तीत नियम सगळ्या कॉलेजांना एकच. धावण्यात प्रत्येक कोच आपापलं लक्ष्य ठरवतो, आणि ते चुकलं तर हाड मोडतं खेळाडूचं.

यंत्राबद्दलही थोडं. डेक्सा हाडांची घनता पाहायला उत्तम आहे. चरबीच्या टक्क्यांत मात्र एक-दोन टक्क्यांचा फरक पाणी किती प्यायलं, आधी काय खाल्लं, कोणत्या मशीनवर झोपवलं, यानेही पडतो. मुलीला सांगितलं जातं की सप्टेंबरपासून दीड टक्का वाढलास. तो दीड टक्का खरा आहे की मशीनचा, हे तिला कोण सांगणार? ती त्या रात्रीपासून जेवण कमी करते.

पुढचा क्रम आम्ही रोज पाहतो. सरावाला लागते त्यापेक्षा कमी ऊर्जा पोटात जाते. शरीर आधी पुनरुत्पादनाचा खर्च बंद करतं, पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं, हाडं झिजू लागतात. ढोबळ हिशेब असा की सरावात जळालेल्या वजा करून, चरबी वगळता उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४५ कॅलरी हाताशी असाव्यात. ३० च्या खाली गेल्या की ही घसरण सुरू होण्याचा धोका बराच वाढतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला ‘रेड-एस’ असं एकत्र नाव दिलं आणि पुरुषांनाही त्यात धरलं. फसवी गोष्ट ही की पहिले काही महिने वेळ खरोखर सुधारते. कोच खूश, मुलगी खूश. मग नडगी दुखते, मग माकडहाडाच्या वरचं सेक्रम, किंवा मांडीच्या हाडाची मान. मांडीच्या मानेचं स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला जाणारी चीर) वेळेत धरलं नाही तर थेट ऑपरेशन.

धागाकर्त्यांच्या सूचनेला पाठिंबा.

---

तटस्थ_नाही

मला वेगळीच भीती वाटते. दर वेळी कोचचा बळी देऊन विद्यापीठं नामानिराळी होतात. कोचला करार कोण देतं? विजेतेपद आणलं की बोनस कोण देतं? आहारतज्ज्ञ, यंत्र, खोली, सगळं क्रीडा विभागाच्या पैशातून येतं. त्या विभागाच्या संचालकाने दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही की संघातल्या किती मुलींना स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. कोच गेला की मात्र एक पत्रक काढायचं आणि हात झटकायचे.

आणि वेटमोरांच्या हाताखाली धावून सुखाने बाहेर पडलेलेही पुष्कळ आहेत. धावपटू एमा कोबर्न पदवीनंतरही बराच काळ त्यांच्याकडेच सराव करत राहिली. त्यांचा अनुभव खोटा धरायचा का?

---

पहाटवारा

@तटस्थ_नाही, कुणाचाच अनुभव खोटा धरायचा नाही. एकाच कोचकडे एक जण फुलतो आणि दुसरी कोमेजते, दोन्ही खरं असू शकतं. पण जी फुलली तिची साक्ष कोमेजलेलीचं उत्तर होत नाही. विद्यापीठाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य, मला तोच मुद्दा पुढे न्यायचा आहे. माणूस बदलणं स्वस्त पडतं, व्यवस्था बदलणं महाग.

@गणिती, डोळ्यांनी मोजण्याबद्दल: अमेरिकन धावपटू मेरी केनचं प्रकरण आठवा. ती कॉलेजच्या संघाकडून धावली नाही, पण वय तेच. २०१३ मध्ये सतराव्या वर्षी ती मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरची अंतिम फेरी धावली आणि त्याच वर्षी कोच अल्बर्टो सालाझारच्या नायकी ओरेगॉन प्रोजेक्ट या व्यावसायिक धावपटूंच्या गटात गेली. पाळी तीन वर्षं बंद, पाच हाडं मोडली, सहकाऱ्यांसमोर वजन करायला लावलं, असं तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं. सालाझारने आरोप नाकारले. तिथे यंत्र कुठलं होतं? साधा वजनकाटा. प्रश्न काटा साधा की महाग हा नाही, त्यावर उभं राहायला लावायचा अधिकार कुणाला, हा आहे.

---

सुनेत्रा

मी धावत नाही, माझी मुलगी धावते. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजचं नाव लिहीत नाही. तिथे कोच बदलला आहे, म्हणून लिहिते.

जुन्या कोचच्या काळात दर सोमवारी वजन व्हायचं. नवीन बाई आल्या, पहिल्याच बैठकीत काटा खोलीतून उचलून नेला. आम्ही पालक सुटकेचा श्वास घेतला. ऑक्टोबरमध्ये मी तिला भेटायला गेले तेव्हा संघाबरोबर जेवायला बसले. बारा-तेरा मुली एका लांब टेबलाशी. पहिल्या नंबरवर धावणारी मुलगी ताट घेऊन आली, त्यात पालेभाज्या आणि चिकनचा एक छोटा तुकडा, ब्रेड बाजूला काढलेला. ती बसली आणि मी बघत होते, एकेका मुलीने आपल्या ताटातला ब्रेड कडेला सरकवला. कुणी काही बोललं नाही. माझ्या लेकीनेही सरकवला. सकाळीच वीस किलोमीटर धावून आली होती ती.

खोलीत तिच्या टेबलावर छोटा डिजिटल काटा होता, ओट्स मोजायचा. वर टेप लावून ४० लिहिलं होतं. मी विचारलं, हे कोच सांगतात का? म्हणाली, नाही गं आई, सगळ्याच करतात.

नव्या कोचबाई खरंच चांगल्या आहेत. पण त्यांना हे टेबल दिसत नाही, त्या तिथे जेवत नाहीत. जुन्या कोचने निवडलेल्या, त्याच्या शिस्तीत वाढलेल्या मुलीच आता सीनियर आहेत. नवीन पोरी त्यांच्याकडे बघून शिकतात. काटा गेला, सवय राहिली. याचं काय करायचं, कुणी सांगेल का?

---

निरंजन_८००

सुनेत्राताई, मी अमेरिकेत कॉलेजसाठी धावलो आहे, तुम्ही लिहिलेलं टेबल मुलांच्या संघातही असतं. आम्ही त्याला शिस्त म्हणायचो. मुलांची पाळी थांबत नाही म्हणून धोक्याची घंटा वाजायलाच उशीर होतो. टेस्टोस्टेरॉन घसरतं, झोप उडते, सर्दी महिनाभर रेंगाळते, आणि सगळे म्हणतात ओव्हरट्रेनिंग झालं असेल.

नवीन कोच आल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांबद्दल एक. तेव्हा प्रत्येकाला नव्याने सिद्ध करायचं असतं. ज्याने आपल्याला निवडलं तो गेला, नव्याला आपण हवे आहोत की नाही माहीत नाही. त्यात आता रोस्टरची, म्हणजे संघातल्या एकूण खेळाडूंच्या संख्येची, मर्यादा आली. कॉलेज खेळाडूंना पैसे देण्यावरून चाललेल्या खटल्यातल्या २०२५ च्या समझोत्यानंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांना क्रॉस कंट्रीत १७ च जण ठेवता येतात. अठराव्याला जागाच नाही. मग नवीन कोच एक शब्द न बोलताही पोरं स्वतःच ‘हलकं’ व्हायला लागतात, वर त्याच वेळी आठवड्याचं मायलेजही बदललेलं असतं. हाडं याच काळात मोडतात. कोच बदलाची बातमी आली की माझी पहिली काळजी त्या संघाच्या नडग्यांची असते.

---

गणिती

सुनेत्राताईंचा अनुभव वाचून माझा मुद्दा अधिकच पक्का झाला. काटा काढला आणि काय झालं? मुलींनी स्वतःचा आणला. कोचने आकडे पाहिले असते तर निदान कळलं असतं की ही मुलगी घसरते आहे. वजन झपाट्याने उतरलं तर सराव थांबवणारा तरी कुणी असता. धागाकर्ते म्हणतात आकडे डॉक्टरांकडे द्या. संघाचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. कोच रोज दोन तास समोर असतो.

---

जान्हवी_फिजिओ

रोज दोन तास समोर असणारा कोच काय पाहू शकतो, ते सांगते, आणि त्यासाठी एकही किलो मोजावा लागत नाही. सोप्या धावेचा वेग विनाकारण वाढलाय का. सुटीच्या दिवशी गुपचूप धावतेय का. एकाच वर्षात हाडाची दुसरी दुखापत आहे का. प्रवासात संघाबरोबर जेवणं टाळतेय का. सगळ्यांना उकडत असताना हिचे हात गार आहेत का. एवढं दिसलं की डॉक्टरांकडे पाठवायचं, स्वतः निदान करायचं नाही. वजन घसरल्याचं कोचला कळावं असं तुम्ही म्हणता, पण वजन स्थिर असतानाही शरीर उपाशी असू शकतं. चयापचय मंदावतो आणि काटा हलत नाही. तेव्हा तोच आकडा ‘सगळं ठीक’ अशी खोटी ग्वाही देतो.

सुनेत्राताई, तुमच्या प्रश्नाबद्दल. टेबल उपदेशाने बदलत नाही. काही ठिकाणी आहारतज्ज्ञ स्वतः संघाबरोबर जेवतात, सराव संपल्यावर अर्ध्या तासात सगळ्यांना मैदानावरच खायला देतात, म्हणजे ताट निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. तुमच्या कोचबाईंना हे पालक म्हणून सुचवा. आणि लेकीची पाळी नियमित आहे का, हे आधी विचारा. तीन महिने चुकली असेल तर स्पर्धेचा हंगाम संपायची वाट पाहू नका.

---

तटस्थ_नाही

धागाकर्त्यांना एक थेट प्रश्न. तुमचा नियम कॉलेजांवर बांधणार कोण? खेळाडूंच्या छळाच्या तक्रारी पाहणारं अमेरिकेचं सेफस्पोर्ट केंद्र ऑलिंपिक महासंघांच्या कक्षेत काम करतं; जो कोच फक्त कॉलेजचा नोकर आहे तो त्यांच्या हातात येईलच असं नाही. एनसीएए मार्गदर्शक तत्त्वं काढते, सक्ती फारशी करत नाही.

---

पहाटवारा

कुस्तीत एनसीएएनेच सक्ती केली होती ना? गणितींनी दिलेलं उदाहरण मी इथे आनंदाने वापरतो. तीन पोरं गेल्यावर काही महिन्यांत नियम बदलले, म्हणजे इच्छा असली तर त्यांना जमतं. धावण्यात माणसं अशी एका महिन्यात मरत नाहीत, पस्तिशीत त्यांची हाडं साठीची होतात, म्हणून कुणाला घाई नाही.

तोपर्यंत नवा कोच नेमताना करारातच घालता येतील अशा दोन गोष्टी. एक, शरीरमापनाच्या नोंदी कोचला मिळणार नाहीत आणि जुन्या कोचने जमवलेल्या नोंदी नव्याकडे जाणार नाहीत, त्या वैद्यकीय विभागात बंद होतील. दोन, बोनस विजेतेपदाबरोबर हाडांच्या दुखापतींच्या आकड्यालाही बांधायचा. याला एनसीएएची परवानगी लागत नाही, क्रीडा संचालकाची सही पुरते.

---

गणिती

दुसरी अट मला मान्य आहे, आणि ती आजपासून लावता येईल. पहिली नाही. पण दुखापतींवर बोनस बांधलात तर कोच दुखापती नोंदवूच देणार नाही, ही वाट आधी बुजवा. नोंद ट्रेनरने (दुखापती सांभाळणाऱ्या वैद्यकीय कर्मचाऱ्याने) करायची, आणि तो ट्रेनर कोचच्या हाताखाली नसावा.

---

सुनेत्रा

जान्हवीताई, काल रात्री फोनवर विचारलं. चार महिने झालेत. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. कोचबाईंना तिने स्वतः सांगितलं, त्यांनी शनिवारच्या शर्यतीतून नाव काढलं आणि स्कॉलरशिपला धक्का लागणार नाही असं लिहून दिलं.