मदत हवी आहे : बाकी युजिरोला ‘बाबा’ म्हणेल की ‘बाप’?

जपानी जाणणारं कुणी आहे का इथे? धाकट्या मावसभावासाठी ‘बाकी’ या मांगातला (जपानी कॉमिकमधला) बापलेकाच्या लढाईचा शेवट (बाकी हा लेक, युजिरो बाप) मराठीत उतरवतोय, आणि एका शब्दावर गाडी अडलीय.

१९९१ला मालिका सुरू झाली तेव्हापासून युजिरो हानमा म्हणजे निव्वळ राक्षस. लेकाला वाचवायला मध्ये पडलेल्या लेकाच्या आईलाच त्याने मिठीत चिरडून मारलं. आणि तोच माणूस पुढे लेकाच्या घरी मुकाट जेवायला बसतो! शेवटी तर हातात काहीच नसताना तो नुसत्या हावभावांनी हवेतल्या हवेत मिसो सूप (एक जपानी सूप) करतो. बाकी ते पितो आणि म्हणतो, जरा खारट झालंय. (मला तर डोळ्यांत पाणीच आलं, हसू नका.)

घोळ असा, की बाकी त्याला ‘ओयाजी’ (बापासाठीचा जरा रांगडा जपानी शब्द) म्हणतो. इंग्रजीत नुसतं ‘डॅड’ केलंय, ते फारच गुळमुळीत वाटतं. ‘बाबा, तुम्ही’ लिहिलं तर बाकी एकदम गुणी बाळ होतो. ‘ए बापा’ तमाशातलं वाटतं. ‘म्हातारा’ केलं तर माया जाते. सध्या ‘बाबा’ आणि ‘तू’ असं ठेवलंय. चालेल?

दुसरं, जॅकचं. तोही युजिरोचाच मुलगा, कॅनडातल्या आईचा. बापाला हरवायचं म्हणून औषधं टोचून घेतली, हाडं कापून उंची वाढवली. त्याच्याशी युजिरो नंतर बाप म्हणून वागतो ते नेमकं कुठल्या भागात? तेवढंच वाचायचंय. स्पॉयलर चालतील.