फ्लोराइड काढायला तुरटीचा वाळलेला गाळ चालेल का?

बोअर_केळापूर: यवतमाळ जिल्ह्यातली बोअर. फ्लोराइड ३.२ मिग्रॅ/लिटर, सामू ७.९, क्षारता ४२० मिग्रॅ/लिटर. जवळच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीच्या गाळाचे वाफे भरून पडलेत. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमवर फ्लोराइड चिकटतो म्हणतात. वाळवून ड्रममध्ये भरला तर?

गाळणी: आधी जार टेस्ट. ढेकळं सावलीत सुकवा, १०५ अंशांच्या वर तापवू नका, फोडून ०.६ ते १.२ मिमी चाळून घ्या. पीठ झालं तर गाळ भरलेला ड्रम (कॉलम) लवकर चोंदतो. धुवायचं पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मग एकेक लिटरच्या जारमध्ये २, ५, १०, १५ ग्रॅम टाकून तासभर ढवळा, गाळा, मोजा.

टिसॅब: मोजण्यातच बहुतेकांची फसगत होते. गाळातून सुटलेलं अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवतं, त्यामुळे मीटर कमी आकडा दाखवतो आणि गाळ कमाल वाटतो. मीटरसाठी नमुन्यात घालायचा बफर सीडीटीए (अ‍ॅल्युमिनियमला धरून फ्लोराइड मोकळा करणारं रसायन) असलेलाच वापरा. स्पॅड्न्स या रंगावरून मोजायच्या पद्धतीलाही हीच खोड आहे, तिथे आधी ऊर्ध्वपातन करा.

गाळणी: बरोबर. दुसरी अडचण तुमची क्षारता, ती सामू खाली येऊ देत नाही. फ्लोराइड गाळावर ६ ते ६.५ सामूला नीट बसतो. तिथवर यायला लिटरला ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ३५ मिली लागेल, क्लोराइड जवळपास १२० मिग्रॅ वाढेल. शिवाय ढवळताना कार्बन डायऑक्साइड उडतो नि सामू पुन्हा चढतो. ५.५ च्या खाली मात्र जाऊ नका, अ‍ॅल्युमिनियम विरघळतं.

बोअर_केळापूर: गाळ किती लागेल?

गाळणी: समजा एक ग्रॅम गाळाने ०.५ मिग्रॅ फ्लोराइड धरला. ३.२ वरून १.० वर आणायला लिटरमागे २.२ मिग्रॅ काढायचा. म्हणजे १०० लिटरला ४४० ग्रॅम, रोज १०० लिटर धरले तर महिन्याला १३ किलो. कॉस्टिक सोड्याने फ्लोराइड धुऊन गाळ पुन्हा वापरू म्हणाल, तर हा गाळ त्यातच विरघळायला लागतो. एकदा वापरून टाकायचा माल आहे.

टिसॅब: पिण्यासाठी वापरायच्या आधी गाळून आलेल्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० नुसार लिटरला ०.०३, पर्यायी स्रोत नसेल तर ०.२ मिग्रॅ), मँगनीज आणि जड धातू तपासा. ओला साठवलेला गाळ कुजला की मँगनीज सोडतो. केंद्रात पॉलिइलेक्ट्रोलाइट (गाळ लवकर खाली बसवायचं रसायन) घालत असतील तर तो गाळ नकोच. नालगोंडा पद्धतीच्या (तुरटी नि चुना घालून फ्लोराइड काढायच्या) टाकीतलाही नको, त्यात फ्लोराइड आधीच बसलेला असतो.