शब्दचर्चा: ‘इन-स्टेट’ फीसाठी रहिवासी म्हणावे की अधिवासी?

प्रश्न: अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांच्या अर्जात ‘रेसिडेन्सी’चा भाग असतो. त्यावरून राज्यातली कमी फी की बाहेरची जास्त फी, ते ठरतं. मराठीत ‘रहिवास’ चालेल का?

उत्तर: अपुरा पडतो. रहिवास म्हणजे नुसतं राहणं. इथे राहण्याबरोबर त्या राज्यातच घर करून राहण्याचा इरादाही तपासतात, आणि हे दोन्ही ‘अधिवास’ या शब्दात येतं. टेक्सासच्या नियमात तर शब्दच ‘डोमिसाइल’ आहे: सत्राच्या ‘सेन्सस डेट’आधी (म्हणजे पटावरच्या विद्यार्थ्यांची अधिकृत मोजणी होते त्या तारखेआधी) सलग १२ महिने. कॅलिफोर्निया विद्यापीठ ठरलेल्या तारखेआधीचे ३६६ दिवस प्रत्यक्ष वास्तव्य मागतं, वर इराद्याचा पुरावा वेगळा.

पुरवणी: ‘डोमिसाइल काढलं’ हा आपल्याकडचा प्रयोग मात्र तिकडे लावू नये. महाराष्ट्रात तो तहसील कार्यालयातून मिळणारा दाखला आहे, त्यासाठी साधारणपणे १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. अमेरिकेत असा एक दाखला नसतो. राज्याच्या नियमांनुसार संस्थाच निर्णय देते. म्हणून ‘अधिवास सिद्ध केला’ म्हणावं.

प्रश्न: इरादा सिद्ध कसा करतात?

उत्तर: कागदांवरून. भाडेकरार, त्या राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी, राज्याचं करविवरण, नोकरी. तारखा महत्त्वाच्या: लायसन्स प्रवेशाच्या महिनाभर आधी काढलेलं असेल तर वर्षभराच्या इराद्याला त्याचा आधार मिळत नाही. विद्यार्थी आईवडिलांवर अवलंबून असेल तर बहुधा त्यांचाच अधिवास धरतात. आईवडील न्यू जर्सीत आणि मुलगी ऑस्टिनला वर्षभर खोली घेऊन शिकते, एवढ्याने ती टेक्सासची होत नाही. केवळ शिक्षणासाठी येणं म्हणजे अधिवास नव्हे, ही अट जवळपास सगळीकडे आहे.

या यादीत मतदार नोंदणीही असते. नागरिक नसलेल्याने ती कधीही करू नये. फी वाचवायला गेलं तर इमिग्रेशनचं गंभीर प्रकरण ओढवतं.

प्रश्न: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरचा विद्यार्थी कराच्या दृष्टीने ‘रेसिडेंट’ झाला, तर?

उत्तर: तो ‘रेसिडेंट’ निराळा. कराचा हिशेब मुख्यतः दिवसांवर चालतो. एफ-१ व्हिसाची अटच अशी की मायदेशातलं घर सोडण्याचा इरादा नसावा. मग अमेरिकेतल्या अधिवासाचा इरादा कसा मांडणार? एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि त्यावर अवलंबून असलेल्या एच-४ वाल्यांना (म्हणजे जोडीदार आणि मुलांना) ही अडचण नाही, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात ते अधिवास सिद्ध करू शकतात. मात्र मुलांचा एच-४ वयाच्या २१व्या वर्षी संपतो. ऐन पदवीच्या मध्यात एफ-१ घ्यावा लागला तर फीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, म्हणून व्हिसा बदलण्याआधीच विद्यापीठाच्या रेसिडेन्सी कार्यालयाला लेखी विचारून ठेवावं.

प्रश्न: ‘मूळ रहिवासी’ म्हटलं तर?

उत्तर: टाळाच, त्यातून जन्मस्थान सूचित होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली डी. पी. जोशी खटल्यात हाच भेद केला. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत या तेव्हाच्या राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेत. न्यायालयाने ते वैध ठरवलं, कारण राज्यघटनेत मनाई आहे ती जन्मस्थानावरून भेद करण्याला, आणि वास्तव्य ही त्याहून वेगळी गोष्ट. भाषांतरात ‘शुल्कापुरता अधिवास’ लिहावं.