सीलबंद खोकं फोडावं का? (मेकॅनो, लेगो आणि बाकीचं)

विषय: जुन्या खेळण्यांची पेटी

नमस्कार मंडळी,

ओळखीतल्या एका कुटुंबाने घर आवरताना एक पेटी माझ्या हवाली केली आहे. तळाशी मेकॅनोच्या (भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या बोल्टने जोडायचं खेळणं) लाल-हिरव्या पट्ट्या, काहींना गंज चढलेला. वर लेगोचे सुटे ठोकळे, पांढरे बरेचसे पिवळे पडलेले. मध्ये जुने कॅटलॉग आणि लेगोच्या माणसाचं एक कीचेन. पट्ट्या घासून नव्याने रंगवायचा विचार आहे. शिवाय मुलाला भेट आलेला एक लेगो सेट सीलबंद पडून आहे. तो म्हणतो फोडू या, त्याचे बाबा म्हणतात ठेवू या. इथे कुणी जाणकार आहे का?

सु.

उत्तर: जुन्या खेळण्यांची पेटी

सु. ताई, रंगवू नका! बाकी पुढे वाचलं नाहीत तरी चालेल.

मेकॅनोचा रंग म्हणजे त्याचा जन्मदाखला. फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली लिव्हरपूलमध्ये पेटंट घेतलं तेव्हा या खेळण्याचं नाव 'मेकॅनिक्स मेड ईझी' होतं. मेकॅनो हे नाव १९०७चं. आधी साधा पत्रा, मग निकेलचा मुलामा. १९२६ला लाल-हिरवा आला, १९३४ला निळा-सोनेरी, महायुद्धानंतर परत लाल-हिरवा, आणि १९६४ला पिवळा-काळा-चंदेरी. तुमच्या पट्ट्या युद्धाआधीच्या की नंतरच्या, हे हिरव्याच्या छटेवरून बरंचसं सांगता येतं. १९५८च्या सुमारास तो हिरवा फिका झाला. वरून नवा रंग मारलात की हा पुरावा गेला. अर्थात रंगवलेल्या पट्ट्या बांधणाऱ्याला चालतात, फक्त जमवणाऱ्याला चालत नाहीत. भोकांमधलं अर्ध्या इंचाचं अंतर कारखान्याने कधी बदललं नाही, त्यामुळे आजोबांच्या पट्टीला नातवाची पट्टी आजही बोल्टने जोडता येते. मला या खेळण्यातलं सगळ्यात आवडणारं हेच. गंजावर हलकं मशीनचं तेल आणि मऊ ब्रश, एवढंच करा.

लेगोचे दोन रांगांचे ठोकळे उलटे करून पाहा. आत (ठोकळे एकमेकांत घट्ट बसवणाऱ्या) नळ्या नसून नुसती पोकळी असेल तर तो नळ्यांच्या आधीच्या घडणीचा. नळ्यांचं पेटंट २८ जानेवारी १९५८चं. सुरुवातीचे ठोकळे सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकचे होते आणि ते काळाने वाकतात. १९६३च्या आसपास एबीएस हे टणक प्लॅस्टिक आलं आणि वाकणं थांबलं. राखाडी ठोकळ्यांत दोन जाती दिसल्या तर दचकू नका, २००४मध्ये कंपनीने राखाडीला निळसर झाक दिली. जुने जमवणारे त्यावर अजून धुसफुसतात.

कॅटलॉग मात्र जिवापाड जपा. ठोकळे कुठेही मिळतात, पण कोणत्या वर्षी कोणता सेट कोणत्या रंगात विकला हे कागदच सांगतो. कीचेनवरच्या माणसाच्या डोक्यात कडी बसवलेली असते, म्हणून तो सेटमधल्या माणसांत मोजू नका. त्याची वेगळी डबी करा.

सीलबंद खोकं खुशाल फोडा.

तुमचा काका

उत्तर: उत्तर: जुन्या खेळण्यांची पेटी

काका, मेकॅनोचं मान्य. पण "खुशाल फोडा" काय? एकदा फोडलेलं खोकं पुन्हा सीलबंद होत नाही. पिशव्या कशा रचल्या होत्या, कागद कुठे दुमडला होता, हेही संग्राहकाला हवं असतं. शिवाय सेटचं उत्पादन एकदा बंद झालं की पूर्ण आणि न उघडलेला मिळणं कठीण होत जातं. ताईंच्या घरात बाबांचं ऐकावं, असं माझं मत.

वि.

उत्तर: उत्तर: उत्तर: जुन्या खेळण्यांची पेटी

वि., सीलबंद म्हणजे जपलेलं, हा गैरसमज आहे. खोक्यातलं रबरबँड तुटतं, स्टिकरच्या मागचा गोंद वाळतो, आणि प्लॅस्टिक आतल्या आत म्हातारं होतंच. २००७ ते २०१२च्या सुमाराचे तांबूस-तपकिरी तुकडे ठिसूळ निघतात, हे लेगोवाले सगळे जाणतात. असा सेट न उघडता ठेवून मोडके तुकडेच जपायचे का?

दुर्मिळतेचंही तसंच. २००७चा मोठा मिलेनियम फाल्कन (स्टार वॉर्समधल्या यानाचा लेगो सेट) ५,१९५ तुकड्यांचा होता. तो परत येणार नाही अशा हिशेबात अनेकांनी खोकी दडवून ठेवली. २०१७मध्ये कंपनीने ७,५४१ तुकड्यांचा नवा काढला. १९७९च्या गॅलक्सी एक्स्प्लोरर या अंतराळयानाच्या सेटचीही २०२२मध्ये नवी आवृत्ती आली. जुन्याला मान अजून आहे, पण 'पुन्हा होणे नाही' ही भिस्त कंपनीच्या मर्जीवर आहे.

आणि तुम्ही दुसऱ्याकडून सीलबंद घेणार असाल तर चिकटपट्ट्यांची टोकं भिंगाखाली बघा. उघडून परत चिकटवलेली खोकी बाजारात सर्रास फिरतात. वजन मूळ सेटशी ताडून पाहा, खोकं हलवून येणाऱ्या आवाजावर विसंबू नका.

काका

उत्तर: पिवळे पडलेले ठोकळे

काका, आणि पिवळे पडलेले पांढरे ठोकळे? कुणी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवा म्हणतं.

सु.

उत्तर: उत्तर: पिवळे पडलेले ठोकळे

पांढरे होतात, खरंय. पण पिवळेपणा पुढे परत येऊ शकतो, आणि जास्त वेळ ठेवलं तर प्लॅस्टिक कमजोर होतं. छापील तुकडे आणि पारदर्शक तुकडे त्यात घालूच नका. आधी कोमट पाणी, ४० अंशांपेक्षा जास्त गरम नको, आणि साधा साबण. पिवळेपणात थोडा मळही असतो. भांडी धुण्याच्या यंत्रात टाकू नका, वाकतात.

पेटीत बॅटरीचा डबा सापडला तर तो सगळ्यात आधी उघडा. गळलेली बॅटरी आतले धातूचे पत्रे खाऊन टाकते. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर हातमोजे घालून व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने पत्रे पुसा, वाळू द्या, मगच मोटर जोडून बघा.

काका