घुमट आरतीचं रेकॉर्डिंग: अख्खं टाकू की तुकडे करून, आडवं की उभं?

फोंड्याकडचा_घुमटी
नमस्कार मंडळी. यंदा चतुर्थीला आमच्या व्हडल्या (थोरल्या, मूळ) घरात एका रात्रीच्या सगळ्या घुमट आरत्या (घुमट या मातीच्या वाद्यावर म्हणायच्या) मी पहिल्यांदाच पूर्ण शूट केल्या. फोन स्टँडवर आडवा, ४के, एकूण ३८ मिनिटं. भाच्याने त्याच्या फोनवर उभं धरून मधलंमधलं वेगळं घेतलंय. आता ऑनलाइन टाकायला गेलो तर लांबी जास्त म्हणून अपलोडच घेतला नाही, आणि फॅमिली ग्रुपवर पाठवला तर माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची आरास) नुसता हिरवा डाग दिसते, कुठलं फळ कुठलं कळत नाही. भाच्याने ३० सेकंदांचा रील केला तो पुष्कळ जणांनी बघितला. पण आमचे मोठे काका, जे शामेळ हे तालवाद्य वाजवतात, ते बघून म्हणाले की ही आरती नव्हे, हा आरतीचा शेवट आहे, आधी संथ धरतो म्हणून शेवटी ती तशी चढते. ते मला फार लागलं. काकांचं वय आता ७६ आहे आणि हे नीट राहायला हवं असं मनापासून वाटतं. चुलतभाऊ बोटीवर असल्याने त्याची चतुर्थी चुकली, त्यालाही पाठवायचंय, तिथे नेट जेमतेम. कसं करू?

सत्तरीचा_कॅमेरा
बाब, पहिलं म्हणजे तुझं अकाउंट व्हेरिफाय केलेलं नसणार. यूट्यूबवर व्हेरिफाय न केलेल्या अकाउंटला १५ मिनिटांपर्यंतच टाकता येतं, फोन नंबरवर कोड मागवून व्हेरिफाय केलं की १२ तास किंवा २५६ जीबी, यात जे कमी असेल तिथपर्यंत. तेव्हा ३८ मिनिटांचं आडवं आहे तसं अख्खं टाक, कापू नकोस. अर्धगोलात बसलेली दहाबारा माणसं उभ्या चौकटीत मावतच नाहीत, एक घुमटवाला दिसला की शामेळवाला बाहेर.

आणि डिस्क्रिप्शनमध्ये चॅप्टर लिही. पहिला ००:०० पासून, निदान तीन तरी हवेत, चढत्या क्रमाने, प्रत्येक कमीत कमी १० सेकंदांचा. गणपतीची, देवीची, विठ्ठलाची असं वेळेसकट लिहिलंस की ज्याला जी आरती हवी तो थेट तिथे जाईल, म्हणजे तुकडे न करता तुकड्यांची सोय झाली.

४के घेतलंस ते फार चांगलं केलंस. ३८४० बाय २१६० मधून ९:१६ ची उभी पट्टी कापली तर १२१५ बाय २१६० मिळते, रीलला लागतं १०८० बाय १९२०, म्हणजे काही न ताणता उभं निघतं. हेच १०८०पी मध्ये घेतलं असतंस तर पट्टी ६०७ पिक्सेलची राहिली असती आणि फुटली असती. पुढच्या वेळी भाच्याला उभं शूट करायला लावायचीही गरज नाही, त्याला आरतीत झांज वाजवू दे.

फाइल एमपी४, एच.२६४, आवाज एएसी, आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) शूट केला तोच ठेव, ३० चे ६० करत बसू नकोस. मखराच्या एलइडी माळांचे पट्टे सरकताना दिसत असतील तर ते आपल्या ५० हर्ट्झ विजेमुळे, पुढच्या वर्षी फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० धर, बरेचसे जातील.

म्हार्दोळची_जाई
काकांचं बरोबर आहे आणि भाच्याचंही चूक नाही, ३० सेकंदांचा रील बघूनच तर पोरं लांब व्हिडिओपर्यंत येतात. पण ३० सेकंदच कशाला? यूट्यूब शॉर्ट्स १५ ऑक्टोबर २०२४ पासून ३ मिनिटांपर्यंत चालतात (आधी ६० सेकंद होते), इन्स्टाग्रामवरही जानेवारी २०२५ पासून रील ३ मिनिटांचा करता येतो. तर सेकंद मोजून कापायचं सोडा आणि ३८ मिनिटांतली अशी एक आरती शोधा जी मुळातच ३ मिनिटांत बसते, ती पहिल्या संथ ओळीपासून शेवटच्या गजरापर्यंत पूर्ण टाका. आमच्या वाड्यावरच्या आरत्यांचं मी असंच करते. सुरुवातीला बघणारे थोडे गळतात, गळू देत, जे थांबतात ते शेवटी लय चढताना बघून "हे कुठल्या गावचं?" म्हणून विचारतात.

एक सांभाळा. मागे शेजारच्या घरातलं स्पीकरवरचं गाणं ऐकू येतंय का बघा. एक मिनिटापेक्षा लांब शॉर्टवर कॉपीराइटचा कंटेंट आयडी क्लेम (गाणं ओळखून यूट्यूबने लावलेला मालकीचा दावा) आला तर तो शॉर्ट ब्लॉक होतो. आरत्या जुन्या असल्या तरी मागचं फिल्मी गाणं कुणाच्या तरी मालकीचं असतं. आणि उभ्या चौकटीत खालच्या भागावर नाव-कॅप्शन आणि उजवीकडे बटणं येतात, खाली बसलेल्यांचे हात नेमके तिथेच झाकतात, पट्टी कापताना माणसं थोडी वर घ्या.

डिचोलीचा_साउंडवाला
सगळे चित्रावर बोलतायत, घुमटाच्या व्हिडिओत खरा प्रश्न आवाजाचा. घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडावर चामडं आणि दुसऱ्या तोंडावर हाताची उघडझाप करून तो घुमणारा खालचा आवाज काढायचा. तो खालचा आवाज फोनच्या स्पीकरवर जवळजवळ येतच नाही, म्हणून एडिट करताना हेडफोन लावून ऐक, नाहीतर वाटेल आवाजच नाही आणि तू तो वाढवत सुटशील. दुसरं, फोन आवाज आपोआप कमीजास्त करतो, कासाळ्याचा (मोठ्या झांजेचा) एक ठोका पडला की बाकी सगळं दबतं आणि मग हळूहळू वर येतं. ऐकताना वाटतं की वाजवणारे डगमगले, आणि ते तर अजिबात डगमगलेले नसतात. हे नंतर नीट दुरुस्त होत नाही.

पुढच्या वेळी दुसरा फोन फक्त आवाजासाठी ठेव, रेकॉर्डिंग अॅपमध्ये गेन (आवाज किती जोरात घ्यायचा ते) हाताने ठरवून, कासाळेवाल्यापासून लांब, घुमटांच्या समोर दोनतीन मीटरवर. सुरुवातीला एक टाळी मार म्हणजे दोन्ही जुळवता येतात. पण लांब रेकॉर्डिंगमध्ये बऱ्याच फोनचा फ्रेम रेट मध्येमध्ये बदलतो आणि शेवटी शेवटी हात एकीकडे, आवाज एकीकडे होतो, तर एडिट करायच्या आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट करून घे, फुकट आहे. आवाज ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओला ३८४ केबीपीएस, यात काटकसर नको.

फोंड्याकडचा_घुमटी
देव बरें करूं सगळ्यांचं. अकाउंट व्हेरिफाय झालं, रात्रभर अपलोड लावतो. तीन मिनिटांच्या आतली देवीची आरती मिळालीय, २ मिनिटं ४० सेकंदांची. बोटीवरच्या भावाला मात्र लिंक उपयोगाची नाही, त्याला फाइलच हवी.

सत्तरीचा_कॅमेरा
त्याला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग तो दाबला जात नाही, तुझ्या माटोळीचा हिरवा डाग त्यानेच झाला असणार. डॉक्युमेंटला मर्यादा २ जीबी. हिशेब सोपा आहे, ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) धरले म्हणजे मिनिटाला ६० एमबी, ३८ मिनिटांचे जवळजवळ २.३ जीबी, बसणार नाही. बोटीच्या नेटसाठी ७२०पी आणि २ एमबीपीएस कर, आवाज धरून साडेसहाशे एमबीच्या आसपास येईल. तेही तीन भागांत दे, पण भाग आरती संपते तिथेच पाडायचे. बंदराला लागल्यावर एकेक उतरवून घेईल.

काणकोणची_सून
मध्येच विचारते, सासऱ्यांनी काढलेल्या आरत्यांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी आहेत, ४:३ च्या. दुकानवाल्याने कॉम्प्युटरवर घेऊन दिल्या पण सगळी माणसं जाडी दिसतात.

सत्तरीचा_कॅमेरा
ताई, त्याने १६:९ मध्ये ताणलंय, परत करून मागा. ४:३ तसंच टाका, बाजूला काळं राहिलं तर राहू दे. आणि हात हलले की कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर डीइंटरलेस करायला सांगा. मूळ कॅसेटी टाकून देऊ नका.

फोंड्याकडचा_घुमटी
चढवला. काकांना टीव्हीवर लावून दाखवला, पूर्ण ३८ मिनिटं बसले. चॅप्टरमधली दोन नावं मी चुकवली होती, ती त्यांनी सांगितली आणि प्रत्येक आरतीचा ताल पण पुढे लिही म्हणाले. उद्या संध्याकाळी त्यांच्याकडे वही घेऊन बसतोय.