पल्सरचा कार्बोरेटर गाडीवरच साफ करायचाय, पायलट जेटपर्यंत कसं पोचावं? (मदत हवी आहे)

मंडळी, नमस्कार. जिंतूर तालुक्यातून लिहितोय. गाडी २००९ ची पल्सर १५०, अण्णांची. आषाढात अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. टाकीत निम्मं पेट्रोल तसंच. आता सोयाबीन निघालं, डॉक्टरांनी अण्णांना गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, आणि गाडीच साथ देईना.

चोक ओढला की लगेच सुरू होते. चोक बंद केला की दोन-तीन गचके खाऊन बंद. रेस धरून ठेवली तर चालते. शेताच्या रस्त्यानं तिसऱ्या गिअरात फिरवून आणली, ओढ चांगली आहे. रेस सोडली की बंद. स्लोचा (रेस न देता इंजिन चालू ठेवायचा) स्क्रू पिळून पाहिला, तेव्हा उभी राहिली, पण रेस एवढी वाढली की पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज यायला लागला. परत मागे घेतला.

जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. रेसवर चालते म्हणजे मेन जेट मोकळा असावा. स्लोवरचं पेट्रोल पायलट जेटमधून येतं, तोच तुंबलाय असं मला वाटतं. चोकची वाट वेगळी, तिथून जादा पेट्रोल मिळतं तेवढ्यावर गाडी तगते. प्लगही पांढराफटक निघाला, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. माझं कुठं चुकत असेल तर सांगा.

आतापर्यंत टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं, एअर फिल्टर साफ केला. मग कार्बोरेटरच्या वाटीखालचा (खाली पेट्रोल साठतं तो भाग) ड्रेन स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. थोड्या वेळानं तळाला वेगळा थर दिसला. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी हद्दीबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलखाली बसतात, हे वाचलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आपल्याकडे उसामुळं इथेनॉल घरचंच, त्याबद्दल तक्रार नाही, पण जुनी गाडी चार महिने भरल्या टाकीनं उभी ठेवायला नको होती. तीनदा ड्रेन केल्यावर आता स्वच्छ येतंय. धार अखंड आहे, म्हणजे टाकीचा कॉक आणि वाटीत पेट्रोल सोडणारी-थांबवणारी फ्लोटची सुई ठीक असाव्यात.

कार्बोरेटर पूर्ण काढायचा नाही, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात तो ओढून काढला, तेव्हा वाटीच्या दोन स्क्रूंची डोकी गोल करून ठेवली आणि इंजिनाकडच्या रबरावर पान्ह्याचा दाब देऊन त्याला वळ पाडला. कापसाच्या पैशातून रोख घेतलेली गाडी आहे, अण्णा दोन दिवस नीट जेवले नव्हते. पुन्हा तसं व्हायला नको.

तर वाटी गाडीवरच उघडता येईल का? जेटमध्ये तार घालावी का? आणि हवेच्या तोंडातून क्लीनरचा स्प्रे मारून काम भागेल का, की त्यानं काही बिघडेल?

प्रतिसाद (लातूर):

भाऊ, निदान बरोबर आहे. आधी स्प्रेचं सांगतो, कारण तिथंच लोक चुकतात. या कार्बोरेटरच्या वरच्या झाकणाखाली पातळ रबरी पडदा असतो, हवेची वाट कमी-जास्त करणारी स्लाइड त्याच्यावर वरखाली होते. तोंडातून मारलेला स्प्रे स्लाइडच्या भोकांतून तिथं पोचला की रबर फुगतं. त्यापेक्षा वाटी उघडा.

इंजिन पूर्ण थंड, कॉक बंद, बॅटरीची वायर काढलेली, जवळ बिडी-काडी नाही. वाटी ड्रेन करा, पेट्रोलची नळी काढा. दोन्ही बाजूंचे क्लॅम्प फक्त ढिले करा आणि कार्बोरेटर जागच्या जागी तुमच्याकडं फिरवा. केबलवर ताण आला की थांबा. गोल झालेल्या स्क्रूवर नेमकं बसणारं स्क्रूड्रायव्हरचं टोक लावा, दाब देऊन एकच झटका. साधा फिलिप्स तिथं घसरतो; जपानी पद्धतीच्या स्क्रूसाठी टोक वेगळं असतं.

पायलट जेट खोल भोकात बसलेला असतो, पितळ मऊ असतं, तेव्हा खाचेत अचूक बसणारा स्क्रूड्रायव्हरच घ्या. काढून उजेडाकडं धरा, सुईच्या टोकाएवढा गोल प्रकाश दिसला पाहिजे. पोलादी तार नको, भोक मोठं होईल. वायरमधला तांब्याचा एकच बारीक धागा चालतो. मग जेटच्या रिकाम्या भोकातून स्प्रे मारा, पण डोळ्यांवर चष्मा हवाच, दुसऱ्या भोकातून तो उलटा येतो.

इंजिनाच्या बाजूचा मिक्श्चर स्क्रू (स्लोवरचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) आत पिळताना किती फेरे बसले ते मोजून लिहा. हलकेच टेकला की थांबा, आवळलात तर टोक खराब होतं. परत तेवढेच फेरे बाहेर. आणि त्या वळ पडलेल्या रबराची खात्री करा. गाडी स्लोवर असताना त्याच्यावर साधं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर तिथून हवा घेतेय.

मूळ प्रश्नकर्ता, तिसऱ्या दिवशी:

दादा, जेट निघाला. उजेडाकडं धरला तर काहीच दिसेना, तोंडावर हिरवट खार बसला होता. तांब्याच्या धाग्यानं मोकळा केला. मिक्श्चर स्क्रू सव्वादोन फेऱ्यांवर होता, तिथंच ठेवलाय. वाटीचं जुनं रिंग ताणलेलं होतं, नवीन टाकलं. गाडी आता चोकशिवाय उभी राहते.

पण पाणी शिंपडलं तेव्हा रबराच्या खालच्या अंगाला आवाज बदलला. वळाच्या जागी केसाएवढी चीर आहे, वरून दिसत नव्हती. ट्यूबचं ठिगळ लावायचा मोह झाला, पण लावलं नाही. नवीन रबर परभणीहून उद्या आणतो. तोवर अण्णांना म्हटलंय, मळ्यापर्यंतच न्या.